फडात साप चावला, तर?



गोरेगाव भागात उसाच्या नोंदी घेत फिरताना आम्हाला बांधावर बेण्याइतकेच प्रश्न सापाचे विचारले जातात. देशात २००० ते २०१९ या काळात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे गेली, बहुतेक खेड्यांतली. म्हणून नेहमीचे तीन प्रश्न येथे घेतो.

वर दोरी बांधून रक्त काढावे काय?
नाही. घट्ट दोरी, ब्लेडची चीर, तोंडाने विष ओढणे, तिन्ही घातक. अंगठी, कडे, जोडवी काढा. चावलेला हात-पाय हलू देऊ नका. १०८ ला फोन लावा.

दुखत नाही, सूज नाही. सकाळी गेले तर चालेल?
मुळीच नाही. मण्यारचा दंश बहुधा रात्री, जमिनीवर झोपलेल्यास होतो. दुखणे जवळपास नसते. पण पुढे पापण्या मिटू लागतात, श्वास अडतो. तोडणीच्या टोळ्यांनी कोपीत मच्छरदाणी लावून, तिच्या कडा अंथरुणाखाली खोचून झोपावे.

साप मारून न्यावा काय?
गरज नाही. नाग, मण्यार, घोणस, फुरसे या चारही विषांवर एकच लस चालते. ती शिरेतून, दवाखान्यातच देतात. मंत्राने विष उतरत नाही.

लागण चार दिवस लांबली तर चालते मंडळी, दवाखाना तासभरही लांबवू नका.