जुन्या गाडीतली गंमत

गाडी घ्यायची ठरली, की घरातल्या प्रत्येकाची वेगळी अट निघते. आमच्याकडे आईला चढ-उतार सोपी हवी होती, मुलांना पाय ठेवायला जागा आणि मला चालवताना गंमत. पैसे मात्र बेताचे. तेही मुलीच्या शिक्षणाची रक्कम वगळून उरलेले. म्हणजे जुनीच गाडी आली.

निवड दोघींवर येऊन ठेपली. एक पोलो, आपल्या चाकणला २००९ ते २०२२ या काळात तयार झालेली. दार लावताना तिजोरी बंद केल्याचे समाधान! पण मागे जागा कमी आणि सुटे भाग तुलनेने महाग. दुसरी २०१८ सालची स्विफ्ट. १२०० सीसीचे पेट्रोल इंजिन, वजन जेमतेम पावणेनऊशे किलो. अशी हलकी गाडी ताशी ४० किलोमीटरलाही झटकन वळते. शहरात मजा वेगात नसते, चपळाईत असते. आईनेही दोन्हींत बसून पाहिले आणि स्विफ्टला कौल दिला.

तरी मी पारखली ती त्या एका गाडीची प्रकृती. सकाळी इंजिन थंड असतानाच सुरू करून पाहिले. टायरवरचे चार आकडे वाचले. २३१८ म्हणजे २०१८चा तेविसावा आठवडा. सर्व्हिसच्या नोंदींशी किलोमीटर ताडले. आरसीवर कर्जाचा बोजा उरलेला नाही, याची खात्री केली. मगच फॉर्म २९ आणि ३० भरले, विमाही नावावर करून घेतला.

एक मात्र करा. सगळे पैसे गाडीतच घालू नका. पहिल्या वर्षाच्या दुरुस्तीपुरते बाजूला ठेवा. जुन्या गाडीची मजा निर्धास्त मनानेच घेता येते.