चार तास, १२० चमचे

नवजात बालकाच्या वजनाचा सुमारे ७५ टक्के भाग पाण्याचा असतो, तर प्रौढ पुरुषात हे प्रमाण ६० टक्क्यांच्या आसपास येते. शिवाय बालकाच्या शरीरातील पाण्याचा बराच मोठा वाटा पेशींच्या बाहेर, म्हणजे रक्तात आणि पेशींमधल्या फटींत असल्यामुळे जुलाब सुरू झाले की तो चटकन निघून जातो. तान्ह्या मुलाच्या या पेशीबाह्य द्रवाचा जवळजवळ निम्मा हिस्सा रोज बदलत असतो आणि प्रौढात साधारण सातवा हिस्सा. त्यातच वजनाच्या मानाने त्वचेचे क्षेत्रफळ जास्त, लघवी दाट करून पाणी राखून ठेवण्याची मूत्रपिंडाची ताकद अपुरी, आणि तहान लागली तरी पाणी मागण्याची सोय नाही. त्यामुळे जुलाब-उलट्यांनी पाणी आणि क्षार घटण्याची जी अवस्था, म्हणजे निर्जलीकरण किंवा शोष, मोठ्या माणसात यायला एखादा दिवस लागतो, ती तान्ह्या बाळात काही तासांत येऊन ठेपते.

या विषयावरील पुस्तकांत बहुतेक जागा निदान, सोडियम-पोटॅशियमचे अहवाल आणि शिरेतून द्यायच्या द्रावणांची कोष्टके यांनी व्यापलेली असते. शुश्रूषेच्या वाट्याला ‘पोटात गेलेल्या व बाहेर पडलेल्या द्रवाची नोंद ठेवावी’ असे एखादे वाक्य येते. त्या एका वाक्यात किती काम दडलेले आहे, हा प्रश्न महाराष्ट्रातील एका जिल्हा रुग्णालयाच्या बालरुग्ण कक्षातील प्रस्तुत निरीक्षणाच्या मुळाशी होता. पावसाळा अर्ध्यावर आलेला होता आणि जुलाबाचे रुग्ण वाढले होते. फिनाईलच्या वासाखालून शौचाचा आंबूस वास आणि त्यात मिसळलेला संत्र्याच्या स्वादाच्या ओआरएसचा, म्हणजे जुलाबात पाजायच्या क्षार-साखरेच्या द्रावणाचा, गोडसर वास कक्षात दिवसभर असे, आणि तेथून बाहेर पडल्यावरही तो बराच वेळ नाकात राही. कक्षातील सर्वांत अनुभवी परिचारिका, ज्यांना सगळे ‘मोठ्या सिस्टर’ म्हणत, त्या सलाईनच्या स्टँडजवळ क्वचितच दिसत. बहुतेक वेळ त्या दारालगतच्या ओआरएस कॉर्नरमध्ये, बाकावर एखाद्या आईच्या शेजारी बसलेल्या असत.

दाखल होणाऱ्या प्रत्येक मुलाचे कपडे उतरवून आधी वजन घेतले जाते, आणि मोठ्या सिस्टरांचा याबाबतचा आग्रह इतका कडक की आजीने अंगातले झबले राहू द्या म्हटले तरी त्या ऐकत नाहीत, कारण पुढचा सगळा हिशेब या वजनावर उभा असतो आणि दुसऱ्या दिवशीच्या वजनाशी त्याची तुलना करायची असते. त्यानंतर पाहणी होते: डोळे खोल गेले आहेत का, मूल चिडचिडे आहे की मलूल, पाणी दाखवले तर ते अधाशासारखे पिते की तोंडही उघडत नाही. मग पोटावर, बेंबी आणि कूस यांच्या मधोमध, अंगठा व तर्जनी यांच्या पेरांनी कातडीची उभी चिमटी घेऊन क्षणभर धरली जाते आणि सोडली जाते. निरोगी कातडी तत्काळ सपाट होते, शोष पडलेल्या मुलाची घडी सावकाश विरते, आणि ती दोन सेकंदांहून अधिक काळ उभी राहिली तर प्रकरण गंभीर समजावे असा नियम आहे. मोठ्या सिस्टर चिमटी घेताना घड्याळाकडे पाहत नाहीत, कातडीकडे पाहत मनात मोजतात. कुपोषित मुलाची कातडी मुळातच सैल असल्याने ही खूण तिथे फसवते, आणि अंगाने भरलेल्या मुलात ती उशिरा दिसते, म्हणून एकाच खुणेवर त्या कधी विसंबत नाहीत. दोन खुणा जुळल्या की मगच पुढचे पाऊल.

शोष मध्यम स्वरूपाचा असेल तर जागतिक आरोग्य संघटनेच्या पद्धतीप्रमाणे वजनाच्या प्रत्येक किलोमागे ७५ मिलिलिटर ओआरएस पहिल्या चार तासांत तोंडाने द्यायचे असते. आठ किलोच्या मुलाला ६०० मिलिलिटर, म्हणजे पाच मिलिलिटरचे १२० चमचे, आणि चार तासांची मिनिटे २४० असल्यामुळे दर दोन मिनिटांनी एक चमचा. हा हिशेब मोठ्या सिस्टर प्रत्येक आईला बोटांवर मोजून समजावतात. “ताई, हे औषध नाही, एकशेवीस चमचे आहेत,” असे त्यांनी एका आठ किलोच्या बाळाच्या आईला सांगितले, आणि नंतर तासातासाने येऊन त्या ‘किती झाले?’ एवढेच विचारत राहिल्या. चमचा जिभेवर मध्यभागी ओतला तर मूल ठसकते किंवा थुंकून टाकते; तो गाल आणि हिरडी यांच्या मधल्या फटीत टेकवून हळूच कलता केला म्हणजे द्रव आपोआप मागे सरकतो आणि मूल तो गिळते. पुस्तकात न मिळणारी ही गोष्ट त्या स्वतः दोन-तीन चमचे देऊन दाखवतात आणि मग चमचा आईच्या हाती परत देतात.

१२० चमचे सलग कधीच जात नाहीत. विसाव्या-पंचविसाव्या चमच्याला मूल भडभडून ओकते, आईचा धीर सुटतो, आणि शेजारच्या खाटेवरचे कोणी तरी ‘पोटात काही ठरत नाही, सलाईन लावा’ असा सल्ला देते. नियम असा आहे की उलटी झाली तर दहा मिनिटे थांबावे आणि पुन्हा अधिक सावकाश सुरू करावे. पण ती दहा मिनिटे त्या आईजवळ कोणी बसले नाही तर चमचा बहुधा वाटीतच राहतो. म्हणून ‘थांबा आणि पुन्हा द्या’ हा नियम पाळला जाणे हे आईच्या समजुतीपेक्षा त्या पाळीत किती परिचारिका मोकळ्या आहेत यावर अधिक अवलंबून असते. उलटीतून दिलेले सगळे परत येत नाही, बरेचसे तोवर आतड्यात शोषले गेलेले असते, हे मोठ्या सिस्टर दर वेळी न कंटाळता सांगतात.

हे शोषण ज्या तत्त्वावर चालते ते असे की आतड्याच्या अस्तरातील एक वाहक प्रथिन सोडियम व ग्लुकोज यांना बरोबरच आत घेते आणि त्यांच्यामागून पाणी जाते. जुलाबांच्या बहुतेक प्रकारांत ही वाट शाबूत राहते. जागतिक आरोग्य संघटनेने २००२ पासून पुरस्कारलेल्या मिश्रणात सोडियम आणि ग्लुकोज दोन्ही लिटरमागे ७५ मिलिमोल असतात, आणि एकूण ऑस्मोलॅरिटी, म्हणजे विरघळलेल्या कणांची दाटी, पूर्वीच्या ३११ वरून २४५ वर आणलेली आहे. १९७१ मध्ये बांगलादेश मुक्तियुद्धाच्या काळात पश्चिम बंगालमधील बनगावच्या निर्वासित छावणीत पटकीची साथ आली आणि शिरेतून द्यायचे द्रावण संपत आले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, खाण्याचा सोडा आणि ग्लुकोज यांचे द्रावण पिंपांत भरून ठेवले आणि ते रुग्णांना पाजण्याचे काम नातेवाइकांवर सोपवले. सुमारे ३० टक्क्यांवर गेलेले मृत्यूचे प्रमाण त्यांच्या देखरेखीखालील रुग्णांत ३.६ टक्क्यांपर्यंत खाली आले. त्यांना २०२३ मध्ये मरणोत्तर पद्मविभूषण मिळाले. त्या यशात द्रावणाच्या सूत्राइतकाच वाटा पाजणाऱ्या हातांचा होता, आणि या दुसऱ्या वाट्याची दखल फार थोड्या ठिकाणी घेतली जाते.

सलाईनला विरोध करण्याचे कारण नाही. मूल बेशुद्धीकडे झुकले असेल, पिऊ शकत नसेल, चिमटी विरतच नसेल, तर शिरेतून रिंगर लॅक्टेट हे क्षारद्रावण द्यावेच लागते: वजनाच्या किलोमागे १०० मिलिलिटर, त्यातले ३० मिलिलिटर एक वर्षाच्या आतील मुलाला पहिल्या तासात आणि उरलेले ७० पुढच्या पाच तासांत, त्याहून मोठ्या मुलांत हाच भाग अर्ध्या तासात आणि अडीच तासांत विभागला जातो. सुकलेल्या मुलाची शीर सापडणे हेच मोठे काम, आणि शीर सापडल्यावर थेंब मोजणे हे त्याहून जोखमीचे. लहान मुलांसाठीच्या मायक्रोड्रिप सेटमध्ये ६० थेंबांचा एक मिलिलिटर होतो, त्यामुळे मिनिटाला जितके थेंब तितके मिलिलिटर तासाला जातात. साध्या सेटमध्ये थेंब मोठा असतो आणि चाक किंचित सैल झाले तरी बाळाच्या अंगात नको तेवढे पाणी उतरू शकते. म्हणून बाटली आणि नळी यांच्यामध्ये मोजमापाचे भांडे असलेला सेट वापरतात आणि त्यात एका वेळी ठरलेलेच द्रावण भरतात. तीव्र कुपोषित मुलाच्या बाबतीत तर भरभर दिलेले द्रावण हृदयाला झेपत नाही. मेळघाट, नंदुरबार किंवा पालघरमधून आलेल्या अशा मुलाला मोठ्या सिस्टर दर अर्ध्या तासाला पाहतात, श्वास आणि नाडी मोजतात, आणि पापण्या सुजलेल्या दिसल्या की द्रव थांबवून डॉक्टरांना बोलावतात.

बाहेर पडणाऱ्या द्रवाची नोंद हा या कामाचा सर्वांत दुर्लक्षित भाग. आठ किलोच्या मुलाने तासाला साधारण आठ मिलिलिटर लघवी केली तर मूत्रपिंडे चालू आहेत असे मानतात, म्हणजे दोन चमचेही नव्हेत, आणि ती दुपट्यात जिरलेली असते. त्यासाठी कोरडे दुपटे आधी तोलून त्यावर पेनाने वजन लिहितात, ओले झाल्यावर पुन्हा तोलतात, आणि वाढलेला प्रत्येक ग्रॅम एक मिलिलिटर धरतात. जुलाब पातळ असले की शौच आणि लघवी एकमेकांत मिसळतात. मग तक्त्यावर मोठ्या सिस्टर ‘मिश्र’ असे लिहून वजन नोंदवतात, अंदाजाने फोड करीत नाहीत. एका रात्रपाळीत कक्ष भरलेला असताना एका मुलाच्या तक्त्यावर तीन तासांचे रकाने कोरे राहिले होते. सकाळी आलेल्या मोठ्या सिस्टरांनी त्यात मागाहून आकडे भरू दिले नाहीत. मुलाचे वजन पुन्हा घेतले आणि तेथून नवा हिशेब सुरू केला. कोऱ्या रकान्याचा हा प्रामाणिकपणा गुळगुळीत भरलेल्या तक्त्यापेक्षा मुलाच्या अधिक उपयोगाचा आहे.

स्तनपान चालू ठेवणे, चार तासांनंतर मऊ भात-वरण देणे आणि १४ दिवस झिंकची गोळी हे सर्व ठरल्याप्रमाणे होते. घरी सोडताना मात्र मोठ्या सिस्टर आईकडून एक गोष्ट वदवून घेतात: एक लिटरची पुडी पूर्ण एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यातच, आणि २४ तासांनी उरलेले फेकून द्यायचे. अर्धी पुडी पेल्यात टाकली तर द्रावण दाट होते आणि रक्तातले सोडियम धोकादायकरीत्या वाढू शकते. ओआरएससारखे नाव लावलेली गोड पेये औषधाच्या दुकानात सर्रास मिळत. साखर जास्त असल्याने ती जुलाब वाढवतात. ऑक्टोबर २०२५ मध्ये एफएसएसएआय या अन्नसुरक्षा नियामक संस्थेने अशा पेयांच्या नावात ओआरएस हा शब्द वापरण्यास मनाई केली, तरी घरात उरलेले खोके आणि जुनी सवय लगेच जाणार नाही.

ज्या कक्षात परिचारिकेला एका आईजवळ दहा मिनिटे बसता येत नाही, तिथे गरज नसलेल्या मुलालाही सलाईन लागते, कारण बाटली टांगून पुढच्या खाटेकडे जाता येते. म्हणून पाळ्यांचे तक्ते आखणाऱ्यांनी हे १२० चमचे काम म्हणून मोजावेत, आणि जुलाबाचे मूल घेऊन दवाखान्यात गेलेल्या पालकांनी ‘सलाईन कधी लावणार?’ असे विचारण्याआधी ‘वजन किती भरले आणि चार तासांत किती पाजायचे?’ असे विचारावे.