नेटवर्क ड्राइव्हवरचा प्रोग्राम अडतो कुठे?

पगाराच्या आदल्या दिवशी आमच्या ऑफिसात पगारपत्रक काढणारा छोटा प्रोग्राम अडला. स्क्रिप्ट कंपाइल करून केलेली ही एक्सई फाइल सर्व्हरच्या 'झेड' ड्राइव्हवर होती. साध्या डबल-क्लिकने चालायची, पण 'रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर' केलं की डेटा सापडत नाही म्हणायची.

आम्ही आधी प्रोग्राम आणि डेटा दोन्ही 'सी' ड्राइव्हवर कॉपी करून, मार्ग बदलून पाहिले. काम झालं! म्हणजे दोष हिशेबाचा नव्हता, जागेचा होता.

विंडोजमध्ये जोडलेल्या ड्राइव्हचं अक्षर त्या लॉगिन सत्रापुरतंच असतं. ॲडमिन अधिकाराने सुरू झालेला प्रोग्राम वेगळ्या सत्रात चालतो. तिथे बहुधा 'झेड' नसतोच. टास्क शेड्युलरमध्येही हीच अडचण येते.

मग काय करायचं?

1. स्क्रिप्टमध्ये अक्षराऐवजी \\सर्व्हर\हिशेब असा पूर्ण पत्ता द्या. ज्या खात्यावरून काम चालतं, त्याला त्या फोल्डरची परवानगी हवी.

2. नुसतं फाइलचं नाव दिलं, तर प्रोग्राम ती चालू फोल्डरमध्ये शोधतो, स्वतःच्या नव्हे. शेड्युलरमध्ये 'स्टार्ट इन' रिकामं सोडू नका.

3. कमांड प्रॉम्प्ट अशा नेटवर्क पत्त्याला चालू फोल्डर मानत नाही. बॅच फाइलमध्ये 'सीडी'ऐवजी 'पुशडी' वापरा. ती तात्पुरतं अक्षर जोडून देते.

बदल केल्यावर पुन्हा कंपाइल करायला विसरू नका. जुनी एक्सई जुनाच पत्ता शोधत राहील. आमचे पगार मात्र वेळेवर झाले.