तळ्याच्या तळचें पाणी

तळ्यांत घागर बुडवून आपण पाणी भरतों, तें केवळ वरच्या थराचें असतें. त्यावरून सगळ्या तळ्याची प्रकृति कळत नाहीं. उन्हाळ्यांत वरचें पाणी सूर्याच्या तापानें ऊन व हलकें होऊन खालच्या गार, जड पाण्यावर तरंगत राहतें. दोन्ही थर सहसा मिसळत नाहींत. तळाशीं उजेड पोंचत नसेल, तर तेथें वनस्पति प्राणवायु निर्माण करूं शकत नाहींत. उलट कुजणारा पालापाचोळा आहे तोहि संपवितो. पुढें एखाद्या वादळानें तळें एकाएकीं ढवळलें गेलें, म्हणजे कधीं कधीं एका रात्रींत असंख्य मासे मरतात, आणि गांवकऱ्यांस वाटतें कीं कोणी विष घातलें!

खालीं काय चाललें आहे, हें आधीं कसें जाणावें? संशोधकांचीं उपकरणें महाग असतात. परंतु त्यांतील युक्ति विद्यार्थ्यासहि घरीं साधण्याजोगी आहे.

प्रथम उजेड किती खोल जातो तें पाहूं. अँजेलो सेक्की हे इटालियन धर्मगुरु ज्योतिर्विदहि होते. त्यांनीं इ. स. १८६५ मध्यें भूमध्य समुद्रांत पांढऱ्या तबकड्या सोडून त्या किती खोलीवर दिसेनाशा होतात, याचें मापन केलें. तळ्यासाठीं २० सेंटिमीटर व्यासाचें पत्र्याचें झांकण पुरें. त्याचे चार सारखे भाग आळीपाळीनें काळे व पांढरे रंगवावे, खालीं वजन अडकवावें आणि खुणेच्या गांठी मारलेल्या दोरीनें तें पाण्यांत सोडावें. दिसेनासें होतें ती खोली व वर ओढतांना पुन्हां दिसूं लागतें ती खोली, या दोहोंची सरासरी टिपून घ्यावी.

आतां पाण्याकडे वळूं. अरुंद तोंडाच्या कांचेच्या बाटलीच्या बुडाशीं चांगला जड दगड बांधावा. तो हलका असल्यास बुचाऐवजीं बाटलीच वर उचलली जाईल. गळ्याला गांठी मारलेली दोरी व बुचाला दुसरी दोरी बांधावी. बाटली इष्ट खोलीवर पोंचतांच बुचाच्या दोरीस हिसका द्यावा. बुडबुडे थांबले कीं बाटली भरली असें समजावें. अधिक खोलीवर पाण्याचा दाब बूच निघूं देत नाहीं. म्हणून ही बाटली दोन-तीन मीटरपर्यंतच कामाची.

बाटलींत शिरतांना पाणी हवेशीं घुसळतें व तींतील प्राणवायु शोषून घेतें. म्हणून क्षार, रंग किंवा सूक्ष्म जीव पाहण्यास हें पाणी चालतें. प्राणवायु मोजण्यास चालत नाहीं. त्यासाठीं दोन्ही टोकांस उघडी नळी वापरतात. खालीं जातांना पाणी तिच्यांतून आरपार वाहतें, आणि दोरीवरून सोडलेलें वजन आदळतांच दोन्ही टोकें मिटतात. साधन स्वस्त असलें तरी चालेल. त्याची मर्यादा मात्र ठाऊक असावी.

विद्यार्थिमित्रहो, वडीलधाऱ्यांस सोबत घेऊन हें काम एकाच ठिकाणीं दर आठवड्यास करा, आणि प्रत्येक बाटलीवर स्थळ, खोली, तारीख व वेळ ताबडतोब लिहा. तबकडी दिवसेंदिवस कमी खोलीवरच दिसेनाशी होऊं लागली, तर पाणी गढूळ किंवा शेवाळानें भरूं लागलें आहे, हें मासे मरण्यापूर्वींच तुमच्या वहींत दिसेल, आणि गांवास वेळींच सावध करतां येईल.