एकाच घराचे दोन दाखले

जळगावातली सिंधी कॉलनी आणि धुळ्यातलं कुमारनगर या फाळणीनंतर उभ्या राहिलेल्या वस्त्या. पण सिंधहून येणं तेवढ्यावर थांबलं नाही. मागे राहिलेली कुटुंबं मुलाबाळांसह आपल्या माणसांकडे येतच राहिली. 2006 ते 2019 या काळात मुनाबाव-खोखरापार मार्गावरची थार एक्स्प्रेस ही त्यांची एक वाट होती. एप्रिल 2025 मध्ये पाकिस्तानी नागरिकांचे व्हिसा रद्द झाले, तेव्हा जळगाव जिल्ह्यात असे तीनशेहून अधिक लोक राहत असल्याचं समोर आलं. हिंदूंचे दीर्घ मुदतीचे व्हिसा सरकारने कायम ठेवले, ते योग्यच झालं. मात्र व्हिसा म्हणजे नागरिकत्व नव्हे, आणि या फरकाची झळ भावंडांना अधिक लागते.

कारण कायदा घर बघत नाही, एकेकट्याचा कागद बघतो. शाळा सोडल्याच्या दाखल्यावरचा ‘राष्ट्रीयत्व’ हा रकाना पाहा. आईवडील भारतीय नागरिक झाल्यावर जळगावात जन्मलेला धाकटा तिथे भारतीय असतो. सिंधमध्ये जन्मलेली थोरली, तिचा वेगळा अर्ज मंजूर होईपर्यंत, पाकिस्तानी राहते. नागरिकत्व कायद्यातल्या 2019 च्या दुरुस्तीने 31 डिसेंबर 2014 पर्यंत आलेल्यांनाच वाट मोकळी केली. 2013 मध्ये काकांबरोबर आलेला भाऊ त्यात बसतो, 2016 मध्ये आईबरोबर आलेली बहीण बसत नाही. केरळातल्या दोन बहिणींची आई आणि भाऊ भारतीय झाले. त्या दोघींनीही पाकिस्तानी पासपोर्ट परत केले, पण तेव्हा वय 21 नसल्याने पाकिस्तानचं नागरिकत्व सोडल्याचा दाखला त्यांना मिळाला नाही आणि त्या अधांतरी राहिल्या.

सुरक्षेचं काय, हा प्रश्न रास्त आहे. पण ही मुलं लपून आलेली नाहीत. त्यांची नोंद पोलीस अधीक्षक कार्यालयात असते, आणि साऱ्या घराची एकच फाइल तपासणं उलट सोपं जातं. कुठे तरी तारखेची रेघ ओढावीच लागते, हेही मान्य. पण नागरिकत्व कायद्याच्या कलम 5(4) मध्ये विशेष परिस्थितीत कोणत्याही अल्पवयीनाची नोंदणी करण्याचा अधिकार केंद्राला दिलेला आहे. त्यात ना तारीख आडवी येते, ना धर्म. आईबाप किंवा सख्खं भावंड भारतीय असणं, याहून विशेष परिस्थिती ती कोणती? नवा कायदा नको; आहे ते कलम, मूल अठरा वर्षांचं होण्याआधी, केंद्राने वापरावं.