खिडकीवरचा सल्ला आणि म्हातारपणची तजवीज

तळोजे, रसायनी आणि पाताळगंगा या औद्योगिक पट्ट्यांमुळे पनवेलच्या परिसरात गेल्या काही दशकांत मोठा श्रमिकवर्ग उभा राहिला. त्याच्या म्हातारपणाची तजवीज बहुतांशी कर्मचारी भविष्य निर्वाह निधीच्या निवृत्तिवेतन योजनेवर अवलंबून आहे. १६ नोव्हेंबर १९९५ पासून अमलात आलेल्या या योजनेची चर्चा बहुधा रकमेपुरतीच होते. ती अप्रस्तुत नाही. १ सप्टेंबर २०१४ पासून किमान निवृत्तिवेतन दरमहा १,००० रुपये ठरले. एवढ्यात वृद्धाचे औषधपाणीही भागणे कठीण. परंतु वर्षानुवर्षे राबूनही काहींच्या हाती एवढेही का पडत नाही, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. त्याचे उत्तर निधीच्या कार्यालयातील चौकशीच्या खिडकीपाशी शोधावे लागेल.

योजनेचे गणित वरकरणी सोपे आहे. निवृत्तिवेतनपात्र वेतनास सेवेच्या वर्षांनी गुणून ७० ने भागले की मासिक रक्कम निघते. वेतन १५,००० रुपये व सेवा १० वर्षे असल्यास ती सुमारे २,१४३ रुपये होते. मात्र १० वर्षांची सेवा ही मूळ अट आहे आणि नेमके येथेच कंत्राटी कामगाराचे पाऊल घसरते.

समजा, त्याने एका ठेकेदाराकडे चार वर्षे काम केले. काम सुटले, घरात निकड उभी राहिली. अशा वेळी कायद्याने त्याच्यापुढे दोन मार्ग असतात: निवृत्तिवेतनाची रक्कम काढून घेणे, किंवा योजना प्रमाणपत्र घेऊन ती सेवा पुढील नोकरीस जोडणे. पहिला मार्ग धरला की ती चार वर्षे पुसली जातात. पुढे दुसऱ्याकडे सहा वर्षे भरली, तरी ती एकटी अपुरी ठरतात. जोडली असती तर अठ्ठावन्नाव्या वर्षापासून तहहयात वेतन मिळाले असते.

खिडकीवरील कर्मचाऱ्यास यासाठी दोष देणे सोपे, पण अन्यायाचे आहे. नावांतील तफावत, जन्मतारखेचा घोळ, मालकाने न भरलेल्या नोंदी यांतच त्याचा दिवस सरतो. उच्च वेतनावरील निवृत्तिवेतनासंबंधी सर्वोच्च न्यायालयाने ४ नोव्हेंबर २०२२ रोजी दिलेल्या निकालानंतर अर्जांचा आणखी भार पडला. शिवाय निकाली निघालेला दावा हिशेबात धरला जातो. समजूत घालून परत पाठविलेला कामगार कोणत्याच तक्त्यात दिसत नाही. आता अर्ज भ्रमणध्वनीवरूनही करता येतो. सोय झाली खरी, पण सबुरीचा शब्द सांगणारा माणूसही वाटेतून दूर झाला.

गरजू माणसाला स्वतःच्या पैशापासून रोखणारे आपण कोण, असा आक्षेप घेतला जाईल. तो रास्त आहे. रोखण्याचा अधिकार कोणासच नको. मात्र भविष्य निर्वाह निधीची रक्कम वेगळी आणि निवृत्तिवेतनाची वेगळी, पहिली घेऊनही दुसरी राखता येते, हे कामगारास कळलेच पाहिजे. न कळता केलेली निवड ही निवड नव्हे.

उपाय खर्चिक नाही. रक्कम देण्यापूर्वी काय मिळेल आणि काय गमावले जाईल, याचा साध्या मराठीतील हिशेब कामगाराच्या हाती द्यावा. जानेवारी २०२३ पासून दरमहा जिल्ह्याजिल्ह्यांत भरू लागलेल्या ‘निधी आपके निकट’ शिबिरांतून हेच काम कारखान्यांच्या दारापर्यंत नेता येईल. आणि असा सल्ला देण्यात गेलेला वेळ कर्मचाऱ्याच्या कामातच धरला जावा. खिडकीवरील पाच मिनिटांच्या संभाषणावर एखाद्याची पुढील वीस वर्षे अवलंबून असतात. ती पाच मिनिटे वाचविण्यात कसलीच काटकसर नाही.