रागाचा अंमल

सिल्वासाच्या सरकारी शाळेत मुख्याध्यापकाच्या खुर्चीवर बसून आम्ही जे निर्णय घेतले, त्यांतील एक आजही आठवला की संकोच वाटतो. नववीतल्या एका मुलाने सोबत्याच्या एका शब्दावरून त्याचे डोके भिंतीवर आपटले. जखम पाहताच आम्ही त्या मुलाचा शाळा सोडल्याचा दाखला लिहावयास सांगितले. कारकून जेवावयास गेला होता, एवढ्यावरच मुलाचे वर्ष वाचले.

पुढे या विषयावर थोडे वाचन घडले, तेव्हा ध्यानी आले की त्या दुपारी रागाच्या अमलाखाली दोन माणसे होती. कानशिलाच्या आत, मेंदूत खोलवर, बदामाच्या आकाराचा अ‍ॅमिग्डाला नावाचा भाग असतो. धोक्याची वा अपमानाची चाहूल लागताच तो हायपोथॅलॅमसला इशारा देतो. तेथून मज्जातंतूंमार्फत मूत्रपिंडांवरील अधिवृक्क ग्रंथींना आज्ञा जाते आणि काही सेकंदांत अ‍ॅड्रेनॅलिन रक्तात उतरते; छाती धडधडते, मुठी वळतात. मागोमाग पीयूषिका ग्रंथीच्या मार्गाने कॉर्टिसॉलची पाळी येते. हे संप्रेरक सावकाश चढते व सावकाश उतरते. भांडण पाच मिनिटांत मिटले तरी त्याचा अंमल तासभर रेंगाळतो. एवढ्या अवधीत परिणामांचा हिशेब करणारा, कपाळामागील मेंदू मंदावलेला असतो. हा भाग पुरता पक्व व्हावयास पंचविशी उजाडते. मुलाजवळचा लगाम अजून कच्चा होता. आमच्याजवळ पक्का असून तो आम्हीच सोडून दिला होता!

याहून मनाला चटका लावणारे संशोधन मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील डॉ. विदिता वैद्य यांचे आहे. त्यांना २०१५ साली भटनागर पुरस्कार मिळाला. उंदरांची पिले जन्मानंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत रोज काही तास आईपासून दूर ठेवली, तर मोठेपणीही ती भेदरट राहतात आणि त्यांच्या पुढच्या मेंदूत सेरोटोनिनच्या एका ग्राहीचे कार्य वाढलेले असते, असे त्यांच्या प्रयोगशाळेत आढळले.

उंदराचा न्याय माणसाला जसाच्या तसा लावू नये, हे आम्ही जाणतो. तरीही त्या मुलाच्या आजीला बोलावून घेतले. आई कारखान्यात पाळीवर जाई. पोर तीन महिन्यांचे असल्यापासून कधी या शेजारणीकडे, कधी त्या, असे वाढले, हे तिने सांगितले. त्या माउलीला दोष देणारे आम्ही कोण? खोलीचे भाडे तिलाच भरावयाचे होते.

तेव्हापासून मारामारीचा कागद आम्ही दुसऱ्या दिवशी, प्रार्थना झाल्यावरच हाती घेतो. जखमी मुलाच्या वडिलांना हा विलंब रुचला नाही, आणि त्यांच्या जागी आम्हालाही रुचला नसता. तो मुलगा आता दहावीत आहे. सोबती त्याच्या शेजारी बसत नाही. तसा आग्रह आम्ही धरलेला नाही.